कर्ण, खिडक्या आणि गंजिफा: किती अंकांत सुटतं सुडोकू?

वाचक विचारतात

गेल्या अंकात या सदरात कर्णांचं सुडोकू छापलं होतं. नेहमीच्या नियमांबरोबरच (प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि ३×३ च्या चौकटीत १ ते ९ एकेकदाच) दोन्ही कर्णांवरही १ ते ९ हे अंक एकेकदाच यायला हवेत, एवढाच त्यातला जादा नियम. सुरुवातीला अंक दिले होते फक्त १४. त्यावर अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत पत्रं आली आणि बहुतेकांचा सूर एकच होता: इतके कमी अंक चालतात कसे? त्यातली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: आमच्या वाडीच्या गणेशोत्सवात सुडोकू स्पर्धा असते. तुमचं १४ अंकांचं कोडं घ्यायचं ठरलं होतं, पण १७ पेक्षा कमी अंकांचं सुडोकू असूच शकत नाही असं एका सदस्याने वाचलं आहे. मोबाइलवरच्या ॲपमध्ये घातलं तर तेही 'एकापेक्षा जास्त उत्तरं' म्हणतं. कोडं बाद करायचं का? (गुहागर)

उत्तर: बाद करू नका. सदस्याने वाचलं ते खरं आहे, पण ते साध्या सुडोकूबद्दल. तिथे नऊ ओळी, नऊ स्तंभ आणि नऊ चौकटी, याखेरीज काही नसतं. डब्लिनमधल्या विद्यापीठातले गॅरी मॅकग्वायर आणि त्यांचे दोन सहकारी, बास्टियन टुगेमान व जिल सिव्हारियो, यांनी जानेवारी २०१२ मध्ये जाहीर केलं की एकच उत्तर असलेलं १६ अंकांचं साधं सुडोकू अस्तित्वात नाही. पूर्ण भरलेल्या जाळ्यांची एकूण संख्या बावीस आकडी आहे. फिरवून, आरशात धरून, ओळी-स्तंभ हलवून किंवा अंकांची नावं बदलून ज्या एकसारख्या होतात त्या एकदाच मोजल्या, तर ५४७ कोटी २७ लाख ३० हजार ५३८ उरतात. तेवढ्या सगळ्या त्यांनी तपासल्या, आणि त्यासाठी सुमारे ७१ लाख कोअर-तास लागले. म्हणजे प्रोसेसरचा एकच कोअर लावला असता तर आठशे वर्षं.

आता तुमचं ॲप. त्याला कर्णांचा नियम ठाऊकच नाही. १४ अंक साधं सुडोकू समजून घातले की अनेक उत्तरं येणारच, त्यात ॲपची चूक नाही. कर्णांचा पर्याय असलेलं ॲप घ्या, तो पर्याय चालू करा आणि मग तपासा.

कर्णांमुळे अंक कमी का लागतात, हे एका कोपऱ्यात दिसतं. समजा भरलेल्या जाळीत ओळ १ मध्ये पहिल्या स्तंभात ३ आणि पाचव्या स्तंभात ७ आहे. बरोबर खाली, ओळ २ मध्ये, पहिल्या स्तंभात ७ आणि पाचव्यात ३ आहे. या चार घरांतले ३ आणि ७ आपापसांत बदला. ओळींत तेच अंक राहिले, स्तंभांत तेच राहिले, आणि चार घरं दोनच चौकटींत असल्यामुळे चौकटींतही तेच राहिले. म्हणजे दुसरं उत्तर तयार झालं. साध्या सुडोकूत हे टाळायचं तर या चारपैकी एक तरी अंक छापावाच लागतो. अशा घरांच्या गटाला आपण अदलाबदलीचा गट म्हणू. प्रत्येक जाळीत असे गट पुष्कळ असतात, चार घरांचे आणि त्याहून मोठेही. प्रत्येक गटातलं एक तरी घर उघडं ठेवायचं, हीच कमीत कमी अंकांची खरी अडचण आहे.

कर्णांचा नियम लावल्यावर काय होतं पाहा. ओळ १, स्तंभ १ हे घर कर्णावर आहे. तिथे ३ च्या जागी ७ आणला की त्या कर्णावर दोन ७ होतात. अदलाबदल फसली, गट मोडला, आणि त्याच्यासाठी अंक छापायची गरज उरली नाही. ओळी ४ व ५ आणि स्तंभ १ व ८ इथे असाच चौकोन असेल तर मात्र त्यातलं एकही घर कर्णावर नाही. तो गट शाबूत राहतो आणि त्याला अंक द्यावाच लागतो. जादा नियमाने किती गट मोडले, त्यावर किती अंक वाचले ते ठरतं. कर्णांच्या सुडोकूत १२ अंकांची कोडी शौकिनांनी हजाराच्या वर जमवली आहेत, तेव्हा १४ म्हणजे फार ताणलेलं कोडं नव्हे. (दोन कर्णांवर मिळून घरं बरोबर १७ असतात. त्या १७ चा या १७ शी काही संबंध नाही. हा प्रश्नही दोघांनी विचारला होता.)

प्रश्न: आठवीच्या मुलांना 'इतके अंक पुरतात' आणि 'याहून कमी पुरणारच नाहीत' या दोन्ही गोष्टी फळ्यावर सिद्ध करून दाखवायच्या आहेत. संगणक नाही, तास ३५ मिनिटांचा. जमेल असं काही? (शिक्षिका, देवगड)

उत्तर: जमेल, आणि वेळही उरेल. ४×४ ची जाळी घ्या: २×२ च्या चार चौकटी, अंक १ ते ४, दोन्ही कर्णांवरही चारही अंक. द्यायचे तीनच:

१ . ३ .
. . . २
. . . .
. . . .

पहिल्या ओळीत २ आणि ४ राहिले. चौथ्या स्तंभात २ आहे, म्हणून कोपऱ्यात ४ आणि दुसऱ्या घरात २. उजव्या वरच्या चौकटीत आता फक्त १ बाकी, तो ओळ २, स्तंभ ३ मध्ये. दुसऱ्या ओळीच्या पहिल्या दोन घरांत ३ आणि ४ येणार, पण क्रम कुठला? इथे मुलांना थांबवा. कर्ण नसते तर दोन्ही क्रम चालले असते. आता उजव्या वरच्या कोपऱ्यातून खाली येणारा कर्ण बघायला सांगा. त्यावर ४ आणि १ बसले, राहिले २ आणि ३. त्यातलं एक घर म्हणजे ओळ ३, स्तंभ २. दुसऱ्या स्तंभात वर २ आहेच, म्हणून इथे ३. मग ओळ २, स्तंभ २ मध्ये ३ येऊ शकत नाही, तिथे ४ आणि त्याच्या डावीकडे ३. उरलेलं मुलं स्वतः भरतील:

१ २ ३ ४
३ ४ १ २
४ ३ २ १
२ १ ४ ३

तीन अंक पुरतात, हे झालं. आता दोन का पुरत नाहीत? दोन घरं भरली तर जास्तीत जास्त दोन वेगळे अंक दिसतील, म्हणजे निदान दोन अंक कुठेच दिलेले नसतील. समजा ते ३ आणि ४. मिळालेल्या उत्तरात प्रत्येक ३ चा ४ करा आणि प्रत्येक ४ चा ३. एकही नियम मोडत नाही, दिलेले अंकही हलत नाहीत, आणि दुसरं उत्तर हातात येतं. म्हणून तीन हाच नेमका आकडा. कर्ण नसताना याच ४×४ ला किमान चार अंक लागतात. साध्या ४×४ च्या पूर्ण जाळ्या २८८ आहेत, त्यातल्या दोन्ही कर्ण पाळणाऱ्या फक्त ४८.

मुलं एक चूक हमखास करतील: 'तीन पुरतात' म्हणजे कुठेही तीन पुरतात, असं धरतील. तेव्हा पहिल्या ओळीत सलग १, २, ३ देऊन सोडवायला सांगा. निम्म्या वर्गाची दुसरी ओळ ३ ४ १ २ येईल, निम्म्याची ४ ३ २ १, आणि दोघांचीही जाळी शेवटपर्यंत बिनचूक भरेल. अंकांची संख्या तीच, फक्त जागा चुकली.

प्रश्न: अंक जितके कमी तितकं कोडं अवघड, बरोबर? (मालवण)

उत्तर: नाही. १७ अंकांची कितीतरी साधी सुडोकू 'या घरात हाच अंक' किंवा 'या ओळीत हा अंक इथेच' एवढ्यावर शेवटपर्यंत सुटतात. उलट २३-२४ अंकांची काही कोडी भल्याभल्यांना घाम फोडतात. अंक कमी असले की सुरुवातीला शोधायला वेळ लागतो एवढंच. स्पर्धेत काठिण्य ठरवताना अंक मोजू नका, आधी स्वतः सोडवून बघा.

प्रश्न: सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांतली (गोल पत्त्यांतली) चित्रं घेऊन सुडोकू करतो आहे: १ ते ९ ऐवजी मत्स्य, कूर्म, वराह असे नऊ अवतार. कमीत कमी किती चित्रं उघडी ठेवावी लागतील? आणि सगळ्या प्रकारच्या सुडोकूत चित्रं चालतील का? (सावंतवाडी)

उत्तर: कल्पना सुरेख आहे, आणि या विषयातला सगळ्यात उपयोगी नियम तुम्ही नकळत हातात घेतला आहे. चित्रांना लहान-मोठं नसतं, ती फक्त एकमेकांपासून वेगळी असतात. ज्या सुडोकूत अंकांच्या जागी चित्रं ठेवली तरी नियम तसेच लागू होतात, त्यात वर देवगडच्या उत्तरात दाखवलेली युक्ती चालते. मत्स्य आणि कूर्म दोघेही सुरुवातीला झाकलेले असतील तर उत्तरात त्यांची अदलाबदल करता येते. म्हणून नऊपैकी निदान आठ अवतार उघडे असायलाच हवेत. साधं, कर्णांचं, खिडक्यांचं (जाळीत आणखी चार ३×३ चे चौकोन असलेलं), वेड्यावाकड्या तुकड्यांचं किंवा घोड्याच्या चालीचं (बुद्धिबळातल्या घोड्याच्या एका चालीवर समान अंक नसलेलं), या सगळ्यांची किमान मर्यादा ८. त्याखाली कुणीही जाऊ शकत नाही, संगणक कितीही मोठा असो.

मर्यादा ८ म्हणजे ८ अंकांचं कोडं असतंच असं नाही. साध्या सुडोकूत हा युक्तिवाद ८ वर थांबतो आणि खरा आकडा १७ आहे. वेड्यावाकड्या तुकड्यांच्या प्रकारात मात्र दोन्ही टोकं जुळतात. तिथे चौकटींऐवजी नऊ-नऊ घरांचे कसेही आकार असतात, आणि कोडी रचणारे बॉब हॅरिस यांनी सिद्ध केलं आहे की कुठल्याही न × न जाळीसाठी तुकडे असे पाडता येतात की न वजा १ अंक पुरतात. म्हणजे ९×९ साठी आठ. तुमच्या चित्रांसाठी हाच प्रकार घ्यावा असं आम्हाला वाटतं: आठ अवतार उघडे, नववा कुठेच नाही, आणि तो शेवटी आपोआप प्रकटतो. गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग (पत्त्यांचे गट) असल्याने एक अवतार वगळावा लागेल. तसं नको असेल तर १०×१० ची जाळी, २×५ च्या चौकटी, आणि निदान नऊ चित्रं.

चित्रं कुठे चालत नाहीत? जिथे नियम अंकाची किंमत विचारतो तिथे: बेरजेच्या पिंजऱ्यांचं (घरांचे गट आणि प्रत्येक गटाची बेरीज दिलेलं) किलर, चढत्या अंकांचं थर्मामीटर, 'शेजारच्या घरांत लागोपाठचे अंक नकोत' असा नियम. वामनाच्या शेजारी परशुराम 'लागोपाठचा' आहे की नाही हे चित्र सांगत नाही. आणि नेमकं याच प्रकारांत आठची मर्यादा लागू होत नाही. २०२० मध्ये मिचेल ली यांनी रचलेलं आणि सायमन अँथनी यांनी यूट्यूबवर सोडवलेलं कोडं पुष्कळांनी पाहिलं असेल. त्यात नेहमीच्या नियमांसोबत तीन जादा नियम होते: बुद्धिबळातल्या राजाच्या एका चालीवर समान अंक नको, घोड्याच्या एका चालीवर समान अंक नको, आणि कडेला कड लागलेल्या घरांत लागोपाठचे अंक नकोत. दिलेले अंक दोनच होते, एक १ आणि एक २.

अशा कोड्यात शून्य अंक चालतील का, हे ठरवायलाही संगणक लागत नाही. प्रत्येक अंक दहातून वजा करा: १ चा ९, २ चा ८, ५ चा ५. लागोपाठचे नसलेले अंक तसेच बिनलागोपाठ राहतात, बाकीचे नियम फक्त वेगळेपण पाहतात. एक उत्तर असेल तर दुसरं तयार होतंच, म्हणून शून्य अशक्य. केवळ ५ देऊनही भागत नाही, कारण वजाबाकीत ५ जागचा हलत नाही.

प्रश्न: मी अभियांत्रिकीला आहे. भरलेल्या जाळीतून एकेक अंक काढत जाणारा प्रोग्राम लिहिला. कर्णांच्या सुडोकूत तो १७-१८ वर अडकतो, खिडक्यांच्या सुडोकूतही तेच. लोक अनुक्रमे १२ आणि ११ पर्यंत कसे पोचले? रात्रभर चालवून काही हाती लागत नाही. (रत्नागिरी)

उत्तर: तुमचा प्रोग्राम चुकलेला नाही, फक्त पद्धत संपली आहे. यादृच्छिक क्रमाने एकेक अंक काढायचा, उत्तर एकच राहिलं तर काढलेला ठेवायचा, नाहीतर परत घालायचा. या पद्धतीने जे मिळतं त्यातून आणखी एकही अंक काढता येत नाही, पण म्हणून ते सर्वांत लहान ठरत नाही. डोंगरातल्या पहिल्याच खोलगट जागी पाणी साचावं तसं होतं, समुद्र अजून खाली असतो. साध्या सुडोकूत ही पद्धत बहुतेक वेळा २४-२५ च्या आसपास थांबते. एक वेळ मात्र वाचवा: एकदा न निघालेला अंक पुढे पुन्हा तपासू नका. अंक जास्त असताना जो निघाला नाही तो अंक कमी झाल्यावर निघणार नाही. ८१ घरांची एकच फेरी पुरे.

पुढची पायरी म्हणजे दोन काढून एक घालणं. समजा हातात १८ अंकांचं कोडं आहे. दोन अंक काढायच्या जोड्या १५३. प्रत्येक जोडी काढल्यावर १६ अंक आणि ६५ रिकामी घरं राहतात. सरळसोट प्रोग्राम ६५ घरांत ९ अंक घालून बघतो, म्हणजे जोडीमागे ५८५ तपासण्या, एकूण ८९,५०५. हे करू नका. त्याऐवजी उरलेल्या १६ अंकांची सगळी उत्तरं एकदाच काढा आणि ७२९ खान्यांचा एक तक्ता ठेवा: कुठल्या घरात कुठला अंक किती उत्तरांत आला. एखाद्या खान्यात मोजणी बरोबर १ असेल, तर तो अंक त्या घरात छापला की बाकी सगळी उत्तरं गळतात आणि १७ अंकांचं कोडं तयार होतं. १५३ वेळा उत्तरं मोजायची, एवढंच काम. उत्तरं फार निघू लागली तर मर्यादा घाला. पन्नास हजारांपुढे मोजत बसण्यापेक्षा पुढची जोडी घेतलेली बरी, कारण इतक्या उत्तरांत एखादा खाना नेमका १ वर राहायची आशा थोडी.

दोन काढून एक घातल्याने काही मिळालं नाही तर एक काढून एक घाला. अंकांची संख्या तीच राहते, पण नवी भावंडं मिळतात. प्रत्येक भावंडातून एकेक अंक काढून पाहा, कधीकधी एखादा फुकटचा असतो. मग त्यांच्यावर पुन्हा दोन-एकचा प्रयोग. खालपर्यंत पोचतात ते असे, एका जाळीला धरून बसून नव्हे, तर शेकडो कुटुंबं फिरवून. तीन काढून दोन घालणंही करतात. १८ मधून तिघं काढायच्या निवडी ८१६, आणि प्रत्येकीत दोन पायऱ्यांची मोजणी. ते शेवटी, जेव्हा बाकीचं आटलं असेल तेव्हा.

आता सॉल्व्हर, म्हणजे प्रोग्रामचा उत्तरं शोधणारा भाग. डोनाल्ड कनुथ यांची डान्सिंग लिंक्स ही शोधपद्धत वापरत असाल तर साध्या सुडोकूचे स्तंभ (जाळीचे नव्हेत, अटींच्या तक्त्याचे, प्रत्येक अटीला एक) ३२४. कर्णांसाठी १८ वाढवा, ३४२ होतात. खिडक्यांच्या सुडोकूत (ओळी २ ते ४ व ६ ते ८, स्तंभ २ ते ४ व ६ ते ८ इथले चार जादा चौकोन, हॉलंडच्या एनआरसी या वृत्तपत्रात २००५ पासून छापले गेले) चार खिडक्यांचे ३६, म्हणजे ३६०. पण तिथे पाच लपलेले भागही आहेत. स्तंभ २ ते ४ मध्ये प्रत्येक अंक तीनदा येतो. त्यातले दोन वरच्या आणि खालच्या खिडकीने घेतले, म्हणून ओळी १, ५, ९ आणि स्तंभ २ ते ४ इथल्या नऊ घरांतही १ ते ९ एकेकदाच. असेच आणखी चार. त्यांचे ४५ स्तंभ घातले तर ४०५ होतात, उत्तरं बदलत नाहीत, पण चुकीच्या वाटा लवकर बंद होतात. घोड्याच्या चालीचा नियम असेल तर जोड्या २२४ आणि प्रत्येकी नऊ अंक, असे २,०१६ स्तंभ. हे मात्र 'भरलाच पाहिजे' असे नव्हेत, 'जास्तीत जास्त एकदा' असे. ते सक्तीचे ठेवले तर प्रोग्राम बिनदिक्कत 'उत्तर नाही' सांगेल आणि तुम्ही दिवसभर दुसरीकडे चूक शोधत बसाल.

रात्रभर चालवून काही हाती न लागण्याची कारणं बहुधा दोन. पहिलं, तेच कोडं वेगळ्या वेषात पुन्हा पुन्हा तपासलं जातं. साध्या सुडोकूत ओळी, स्तंभ, पट्टे (तीन-तीन ओळींचे किंवा स्तंभांचे) हलवून आणि जाळी उलथून (ओळींचे स्तंभ करून) एका कोड्याची ३३,५९,२३२ रूपं होतात, अंकांची नावं बदलणं वेगळंच. कर्णांच्या सुडोकूत ओळी मोकळेपणाने हलवता येत नाहीत. ओळ ४ आणि ६ बदलल्या तर त्याच वेळी स्तंभ ४ आणि ६ बदलावे लागतात. अशी रूपं फक्त ९६. साध्या सुडोकूचा तयार कोड कर्णांच्या कोड्यांना लावला तर वेगवेगळी कोडी 'एकच' म्हणून फेकली जातील. ९६ रूपं काढा, प्रत्येकात अंकांना पहिल्यांदा दिसतील त्या क्रमाने १, २, ३ अशी नावं द्या, आणि त्यातलं सर्वांत लहान रूप साठवा.

याच गोष्टीतून एक चाळणी मिळते. साध्या सुडोकूत एकाच पट्ट्यातल्या दोन ओळी पूर्ण रिकाम्या असतील तर कोडं तत्काळ बाद, कारण त्या दोन ओळी बदलून दुसरं उत्तर मिळतं. कर्णांच्या सुडोकूत ही चाळणी लावू नका. तिथे दोन ओळी रिकाम्या असलेलं कोडं चांगलं असू शकतं. ओळी ४, ६ आणि स्तंभ ४, ६ चारही रिकामे असतील तर मात्र बाद.

दुसरं कारण म्हणजे वीज. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि सगळा शोध मेमरीत असेल तर सकाळी कोरी पाटी. सापडलेलं प्रत्येक कोडं त्याच क्षणी फाइलच्या शेवटी एका ओळीत लिहा: ८१ चिन्हं, रिकाम्या घराला टिंब. प्रोग्राम सुरू होताना ती फाइल वाचू दे. तपासून झालेल्या कोड्यांची वेगळी फाइल ठेवा, नाहीतर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल.

आणि १२ किंवा ११ मिळाले तर 'हेच किमान' असं लिहू नका. सापडणं ही एक गोष्ट आणि याखाली काहीच नाही हे दाखवणं दुसरी. साध्या सुडोकूत १७ अंकांची हजारो कोडी ऑस्ट्रेलियातल्या गॉर्डन रॉयल यांनी आधीच जमवली होती, तरी १६ चा निकाल यायला २०१२ उजाडलं.

प्रश्न: किलर सुडोकूत एकही अंक दिलेला नसतो. म्हणजे विक्रम शून्याचा झाला की! (अलिबाग)

उत्तर: अंक नाहीत, पण बेरजा आहेत. किलरमध्ये माहिती पिंजऱ्यांतून येते, म्हणून मोजायचेच तर पिंजरे मोजावेत. एखाद्या चौकटीभर अख्खा पिंजरा टाकून ४५ लिहिलं तर तो पिंजरा मोजणीत भरतो, पण सांगत काहीच नाही. कुठल्याही चौकटीची बेरीज ४५ च. याउलट दोन घरांत ३ लिहिलं की तिथे १ आणि २ पक्के. कोड्याच्या शीर्षकात 'शून्य अंक' लिहायला आमची हरकत नाही, १७ शी तुलना मात्र करू नये.

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित-छापील त्रैमासिकात कमी अंकांची कोडी द्यायची आहेत. मांडणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसावी असा आग्रह आहे. काय काळजी घ्यावी? (चिपळूण)

उत्तर: सारख्या मांडणीची किंमत मोजावी लागते. जाळी अर्धा फेरा फिरवली तरी अंकांच्या जागा त्याच दिसाव्यात अशी अट घातली तर साधं सुडोकू १८ अंकांत करता येतं. कर्णांच्या प्रकारातही असा आग्रह धरला की शोधायच्या जागा एकदम कमी होतात. आमचं मत विचाराल तर कमी अंक आणि सुबक मांडणी यातलं एकच निवडा. वाचकाला दोन-तीन अंक जास्त दिसले तर तो तक्रार करत नाही.

छपाईत मात्र जीव काढावा लागतो. तीस अंकांच्या कोड्यात एक अंक गळला तरी ते बहुधा निभावतं. कमीत कमी अंकांच्या कोड्यात प्रत्येक अंक खांब असतो: एक गळला की उत्तरं अनेक, एक चुकला की बहुतेक वेळा उत्तरच नाही. देवनागरी अंकांत १ आणि ९ यांची गफलत नेहमीची, बारीक टाइपात आणि ओलसर कागदावर शाई पसरली की जास्तच. अंक मोठ्या, जाड टाइपात घ्या. प्रूफ तपासताना एकाने मूळ कागदावरून 'ओळ ३, स्तंभ ७, नऊ' असं म्हणायचं आणि दुसऱ्याने छापलेल्यावर बोट ठेवायचं. बारा अंकांना दोन मिनिटं लागत नाहीत.

खिडक्यांच्या कोड्यात त्या चार चौकोनांची करडी छटा झेरॉक्समध्ये उडते. ती उडाली की वाचक साधं सुडोकू समजून बसतो आणि त्याला अनेक उत्तरं मिळतात. छटेऐवजी चौकोनांना जाड किंवा तुटक रेघ द्या, आणि जादा नियम कोड्याच्या खाली नव्हे, वर छापा. शेवटी ज्याने कोडं केलं नाही अशा माणसाकडून छापलेल्या पानावरूनच ते सोडवून घ्या. मूळ फाइलवरून तपासलं तर पानावरची चूक कुणालाच दिसत नाही.